हिरवे आजोबा, गुलाबी आजोबा

आमच्या घरातल्या आजोबांना दोन रंग होते. बैठकीतल्या ट्यूबलाइटखाली ते हिरवट दिसायचे आणि अंगणात नेले की गुलाबी. फोटो मुळात कृष्णधवल. आजोबा म्हणजे आईचे वडील. दाराच्या अंधाऱ्या चौकटीपुढे लाकडी खुर्चीवर बसलेले, अंगात गडद कोट, डोक्यावर टोपी. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले त्या सालचा हा फोटो, असं आई सांगते, म्हणजे १९५४. मूळ प्रिंट पोस्टकार्डाएवढी आणि एका कडेने वाळवीने कुरतडलेली. मी ती स्कॅन केली, डाग पुसले आणि पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या घरच्या प्रिंटरवर ए-फोर आकारात छापली. फ्रेम करून भिंतीवर लावली आणि मग हा रंगांचा खेळ सुरू झाला. आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. कोट आणि मागचा दरवाजा मिळून एकच काळा ठोकळा झाला होता. आजोबांचं डोकं आणि दोन हात त्या ठोकळ्यावर चिकटवल्यासारखे दिसत होते.

दोष प्रिंटरचा नव्हता. मी त्याला भलतंच काम सांगितलं होतं.

साध्या इंकजेटमध्ये चार शाया असतात: निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. करडी शाई त्यात नसते. मग गालावरची फिकट करडी छटा तो आणतो कुठून? दोन वाटा असतात. एक म्हणजे काळ्या शाईचे थेंब विरळ शिंपडायचे, लांबून बघणाऱ्याला करडं वाटेल असे. पण पांढऱ्या कागदावर काळा थेंब डोळ्यांना लगेच टोचतो, धुतलेल्या तांदळात काळा खडा दिसावा तसा. म्हणून प्रिंटर बहुतेक वेळा दुसरी वाट धरतो: सायन, मॅजेंटा आणि पिवळा सारख्या मापाने मिसळायचे, म्हणजे करड्याचा आभास होतो. सोनाराकडचं भिंग लावून मी आजोबांचा गाल पाहिला, तर तिथे होळी खेळलेली होती. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. करडा म्हणून एकही नाही.

तीन रंगांचा हा तोल एका ठरावीक उजेडात साधलेला असतो. उजेड बदलला की तो ढळतो. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी यांच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, उन्हात असतात. म्हणून आजोबा घरात हिरवे आणि अंगणात गुलाबी. छपाईवाले याला मेटामेरिझम म्हणतात. रंगीत फोटोत ही गडबड खपून जाते, कारण लुगड्याचा हिरवा नेमका कोणता होता हे कोण तपासायला जातो? करड्यात मात्र एवढीशी झाक आली तरी ती डोळ्यांना कळते.

हे सगळं मी गावातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना सांगितलं. त्यांची डार्करूम बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता तिथे लग्नाच्या अल्बमचे खोके रचलेले असतात. फोटो हातात धरून ते दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, “पाय गा, काळा काही एक नसते. टोपीचा काळा वेगळा, केसाचा वेगळा, दाराच्या अंधाराचा वेगळा. तुह्या मशीनकडे एकच काळा आहे. तो पुरल कसा?”

सगळ्या शास्त्राचा गाभा एवढाच आहे. काका ज्या कागदावर काम करत, त्यात चांदीच्या क्षारांचा थर असे. उजेड कमी-जास्त पडेल तशी चांदी कमी-जास्त काळी होई आणि मधल्या असंख्य छटा आपोआप मिळत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा ‘इंदू’ कागद त्यांनी आयुष्यभर वापरला. पुढे तो कारखाना आजारी पडला आणि बंद झाला. २००५ मध्ये कोडॅकनेही कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं. परदेशी बनावटीचा कागद अजून मिळतो, पण तो मागवा, रसायनं मागवा, लाल दिव्याची अंधारखोली जपा, हा सोस आमच्या भंडाऱ्यात परवडणारा नाही. तेव्हा इंकजेटच, पण एकापेक्षा जास्त काळे असलेला.

असे प्रिंटर आहेत. एप्सनने २००५ मध्ये आर२४०० या प्रिंटरबरोबर तीन काळ्यांची पद्धत रुळवली: एक पूर्ण काळी शाई, एक फिकट काळी आणि एक त्याहून फिकट. फिकट म्हणजे तीच शाई पातळ केलेली. गालावरची छटा आता फिकट करड्याचे थेंब दाट टाकून येते, त्यामुळे खडा दिसत नाही आणि तीन रंगांचा तोल सांभाळण्याची कसरतही फारशी उरत नाही. आजची पी७०० आणि पी९०० ही मॉडेल्स त्याच वंशातली. त्यात दहा शाया असतात आणि दहांतल्या चार काळ्या-करड्या. कॅननच्या प्रो-३०० मध्येही दहा नळ्या आहेत, पण करडी शाई एकच. मोठ्या प्रो-१००० मध्ये बारा नळ्या आणि करड्या दोन. शेवटची नळी दोन्हींत रंगाची नाहीच; चकाकी सारखी करणारा तो पारदर्शक लेप आहे.

दुकानात हे कोणी सांगत नाही. तिथे डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, ते सांगतात. ५७६० गुणिले १४४० हा आकडा ऐकून गिऱ्हाईक गार पडतं. कृष्णधवल छापणाऱ्याने विचारायचा प्रश्न एकच: यात करडी शाई आहे का, आणि किती? आणि ‘सहा रंगांचा आहे साहेब’ या उत्तरावर थांबायचं नाही. एप्सनच्या एल८०५० आणि एल१८०५० या टाकीवाल्या प्रिंटरांत सहा शाया आहेत खऱ्या, पण जादाच्या दोन म्हणजे फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा. माणसांच्या रंगीत फोटोंत त्या फार छान काम देतात. आपल्या आजोबांना त्यांचा काही उपयोग नाही. टाकीवालाच हवा असेल तर एप्सनचे एल८१६० आणि एल८१८० आहेत, कॅननचा जी५७० आहे. यांच्या सहा शायांत एक करडी असते. महिन्याला दहा-पंधरा फोटो छापणाऱ्या हौशी माणसासाठी मला हा मधला रस्ता शहाणपणाचा वाटतो. वरच्या श्रेणीतल्या प्रिंटरची किंमत साध्या टाकीवाल्याच्या कित्येक पट आहे आणि खरी किंमत तर नंतर शाईत जाते. पी७०० ची एक कार्ट्रिज २५ मिलिलिटरची, प्रो-३०० ची तर १४.४ मिलिलिटरची. एवढ्याशा बाटलीत आपल्याकडे अत्तर मिळतं.

अर्थात थेंबही तसाच बारीक असतो. यातला सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबातून असे तीन कोटींहून जास्त थेंब निघतील. हा थेंब उडवण्याच्या रीती दोन. एप्सन विजेच्या दाबाने वाकणारा पिझो स्फटिक वापरतं. तो पिचकारीसारखा शाईला ढकलतो. कॅनन आणि एचपी शाईला क्षणभर चटका देतात. वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंदो यांच्या हातून तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सुईला लागली, शाई उडाली, आणि त्यातून ही दुसरी रीत सुचली, अशी त्यामागची गोष्ट आहे. फरक आपल्या खिशापर्यंत येतो तो इथे: चटक्याने काम करणारं हेड, म्हणजे थेंब उडवणारा भाग, कालांतराने झिजतं म्हणून ते बहुधा बदलता येतं, पिझोचं हेड टिकायला दणकट, पण कायमचं बसलं तर दुरुस्तीपेक्षा नवीन प्रिंटर बरा असं वाटायची वेळ येते.

शाईचीही जात बघायला हवी. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग, हळदीच्या पाण्यासारखा कागदात मुरणारा. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे अतिसूक्ष्म कण, कागदावर बसून राहणारे. सलूनच्या भिंतीवरची, उन्हाकडे तोंड करून लावलेली जुनी पोस्टरं आठवून पाहा. हेअरस्टाइलवाले सगळे नट निळे पडलेले असतात. पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात, सायन मागे राहतो. रंगांपासून बनवलेला करडा असाच एका बाजूला कलंडत जातो. काळ्या पिगमेंटचं तसं होत नाही, कारण तो कार्बन असतो. म्हणजे आपली काजळी. दिव्यावर धरलेली काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या. महानुभावांच्या जुन्या पोथ्यांचा कागद पिवळा होऊन तुकडे पडतात, पण अक्षर काळंच्या काळं असतं. कार्बनवर उजेडाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. कंपन्या पिगमेंटच्या कृष्णधवल प्रिंटला दोनशे-चारशे वर्षांचं आयुष्य सांगतात. ते झपाट्याने केलेल्या चाचणीतलं गणित आहे, तेव्हा आकड्याला हात लावून शपथ घेऊ नये. पण दिशा बरोबर आहे.

काजळीचा स्वभाव मात्र निव्वळ काळा नाही. पातळ केली की ती तपकिरीकडे झुकते. बोटावर पुसलेलं काजळ नीट पाहिलं तर दिसेल. म्हणून चांगल्या प्रिंटरची कृष्णधवल पद्धत करड्या शायांत रंगीत शाईचा अगदी किंचित शिडकावा करून तो तपकिरीपणा मारते. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये तिचं नाव ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’, कॅननमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट फोटो’. हा पर्याय निवडायचा राहिला तर लाखाच्या घरातला प्रिंटरही पुन्हा होळी खेळायला मोकळा. काही हट्टी लोकांना तो शिडकावाही नको असतो. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधले जॉन कोन यांनी एप्सनच्या प्रिंटरमधल्या सगळ्या रंगीत शाया काढून तिथे काजळीच्या सात छटा भरण्याची ‘पिझोग्राफी’ नावाची पद्धत बसवली. प्रिंट बघून माणूस वेडा होतो म्हणतात. एकच प्रिंटर आणि तोही घरच्यांच्या कामाचा असेल, तर या नादाला लागू नये.

मी चालढकल करता-करता शेवटी पिगमेंटचा प्रिंटर घेतला. आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याचं वाटोळं केलं.

मे महिना होता. आम्ही महिनाभर पुण्याला गेलो. जाताना गॅस बंद, नळ बंद, तसं शहाण्यासारखं भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबून प्रिंटरही बंद केला. नुकताच एक फोटो छापून झाला होता. आतला गाडा अजून जागेवर गेला नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. परत आलो तेव्हा दोन्ही करड्या शायांचा मागमूस नव्हता. क्लीनिंग केलं. पुन्हा केलं. पाचव्यांदा केल्यावर कार्ट्रिज रिकामी झाली आणि हेड तसंच चोक. नागपूरहून मेकॅनिक यायला आठ दिवस लागले. भंडारा ते नागपूर साठ किलोमीटर, पण अशा वेळी ते सहाशे वाटतात. त्याने प्रिंटर उघडला, आत बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, “बोर्डावरून बंद केला होता ना?”

झालं असं होतं. काम संपलं की हेड उजवीकडे एका रबरी टोपीवर जाऊन बसतं. ती टोपी नोझलांचं तोंड झाकून ठेवते, आतल्या ओलाव्यामुळे शाई सुकत नाही. प्रिंटरच्या अंगावरचं बटण दाबलं तर तो आधी हेड टोपीवर नेतो आणि मग झोपतो. बोर्डावरून वीज तोडली तर हेड जिथे असेल तिथे उघड्यावर राहतं. भंडाऱ्याचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे आणि हवा अशी कोरडी की दोरीवरचं लुगडं वाळत टाकता-टाकता वाळतं. केसाहून बारीक नोझलात अडकलेल्या शाईची काय कथा. एप्सनच्या पुस्तिकेत प्रिंटर १० ते ३५ अंशांत आणि २० ते ८० टक्के आर्द्रतेत चालवा असं छापलेलं असतं. ते वाचून मला हसू आलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पहिली अट मोडते, पावसाळ्यात दुसरी.

आणि बोर्डाचं बटण मी नाही दाबलं तरी लाईन जातेच. छापता-छापता वीज गेली की तेच होणार: हेड मध्येच उघडं. म्हणून प्रिंटरला कॉम्प्युटरचा साधा यूपीएस लावावा. इंकजेट छापताना तीस वॅटच्या आतच वीज खातो, तेव्हा छोट्यातला छोटाही पुरतो. आपल्याला फोटो पूर्ण करायचा नसतो, फक्त हेड घरी जाईस्तोवर वीज हवी असते.

कूलरचा प्रश्न याहून चमत्कारिक. आमच्या भागात एप्रिल ते जून खोलीत कूलर असतोच. त्याची ओलसर हवा नोझलांना मानवते, म्हणून मी प्रिंटर कौतुकाने कूलरच्या वाऱ्यात ठेवला. शाई खूश होती, पण कागदाने दगा दिला. एका बाजूने ओल पिऊन त्याचे कोपरे उचलले गेले, हेड त्यांना घासत गेलं आणि आजोबांच्या खुर्चीच्या पायाला काळा पट्टा आला. आता प्रिंटर त्याच खोलीत, पण वाऱ्याच्या झोतापासून दूर, झाकण घालून असतो आणि कागद दुसऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, मूळ पिशवीत, आडवा. पावसाळ्यात पिशवीत सिलिकाच्या पुड्याही टाकतो. लागेल तेवढाच कागद बाहेर काढायचा, छापण्याआधी मऊ ब्रशने झटकायचा. आमच्या घराच्या मागे राइस मिल आहे. कोंड्याचा एक कण छपाईच्या वेळी कागदावर बसला की त्याच्याखाली शाई पोचत नाही. नंतर तो कण गळून पडतो आणि काळ्या कोटावर पांढरा टिपका राहतो.

पण सगळ्यांत मोठं औषध म्हणजे प्रिंटर वापरत राहणं. हे यंत्र कामाने कमी आणि पडून राहण्याने जास्त बिघडतं. बैलजोडी महिनाभर गोठ्यात बांधून ठेवली की ती चालायला कुरकुरते, तसंच. माझा रविवारचा नेम ठरलेला आहे. चहा झाला की नोझल चेक काढायचा. बारीक रेघांची जाळी छापून येते, प्रत्येक शाईची वेगळी. फिकट करड्याची जाळी पांढऱ्या कागदावर दिसता दिसत नाही. ती खिडकीपाशी नेऊन तिरकी धरून बघायची. मी इथेच फसायचो. काळ्याची जाळी अखंड दिसली की ‘झालं’ म्हणून उठायचो आणि फिकट करड्यातली तुटकी रेघ नंतर आजोबांच्या कपाळावर आडव्या ओरखड्यासारखी उगवायची. जाळी पूर्ण असेल तर एक लहान फोटो छापायचा. रेघ तुटलेली असेल तर एकदा क्लीनिंग. तरी तुटलेली असली तर आणखी एकदा. मग थांबायचं. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करून रात्रभर तसाच ठेवायचा. टोपीतल्या ओलीने सुकलेली शाई सैल होते आणि सकाळी बरेचदा एका फटक्यात रेघ जुळते. लागोपाठ पाच-सहा वेळा क्लीनिंग करणं म्हणजे शाई पैसे देऊन गटारात ओतणं. ते गटार प्रिंटरच्या पोटातच असतं: वाया गेलेली शाई पिणारा स्पंजाचा डबा. पी७००, पी९०० आणि प्रो-१००० मध्ये हा डबा आपल्याला घरी बदलता येतो. पुष्कळ जुन्या प्रिंटरांत येत नाही. तो भरला असं प्रिंटरच्या हिशेबात आलं की गडी संपावर जातो. विकत घेण्याआधी हे जरूर विचारावं.

कोणी स्पिरिट लावा म्हणेल, कोणी सॅनिटायझर. पिगमेंटच्या शाईला यातलं काही दाखवू नये. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. टोपीची रबरी कड पुसायची असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि धागे न सुटणारं कापड, एवढं पुरे. नळाचं पाणी नको. त्यातला क्षार वाळून तिथेच बसतो. स्वस्तातल्या सुट्या शाईचा मोह मलाही झाला होता. बाटलीवर पिगमेंट लिहिलेलं असतं, आत काय असतं ते देवाला ठाऊक, आणि प्रिंटर कंपनीने बसवलेलं करड्यांचं माप त्या शाईला लागू पडत नाही. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये मूळ शाईच एवढी स्वस्त पडते की तिथे तर हा प्रयोग निव्वळ हौस.

कागदाबद्दल लोक फार बोलतात; मी थोडक्यात आवरतो. दोन घराणी लक्षात ठेवावीत. मॅट कागद, त्यातला उत्तम म्हणजे हानेम्युलेचा फोटो रॅग, सुताचा, ३०८ ग्रॅमचा, हाताला जाड धोतरासारखा लागणारा. आणि चकाकीवाला कागद, त्यातला उत्तम बॅरायटा. त्यावर बेरियम सल्फेटचा थर असतो, जुन्या डार्करूमच्या कागदावर असायचा तोच. मॅटवर सर्वांत गडद काळ्याची घनता साधारण १.६ किंवा १.७ येते, बॅरायटावर २.३ च्या पुढे. आकडे जवळचे वाटतात, पण मोजपट्टी लॉगरिदमची आहे: १.६ चा काळा पडलेल्या उजेडातला अडीच टक्के परत फेकतो, २.३ चा फक्त अर्धा टक्का. म्हणजे पाचपट फरक. कोट आणि अंधारं दार वेगळे दिसायला मध्ये जी जागा लागते, ती ही. दोन्ही कागदांना काळी शाईही वेगळी लागते, मॅट काळी आणि फोटो काळी. ड्रायव्हरमध्ये कागदाचं नाव चुकीचं निवडलं की भलतीच काळी पडते. मॅट काळी चकाकत्या कागदावर बोटाला पुसून येते. एप्सनच्या जुन्या पी६०० आणि पी८०० मध्ये दोन काळ्यांना नोझल एकच होतं, प्रत्येक बदलाला शाई वाया जायची. नव्यांत ती कटकट गेली. सुताच्या कागदाची छापायची बाजू कोणती हे कळत नसेल तर कोपऱ्याला ओलं बोट लावावं. लेपाची बाजू किंचित चिकटते.

महागडा कागद घालण्याआधी एक पट्टी छापून घ्यावी: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांचे एकवीस चौकोन. माझ्या पहिल्या पट्टीत ८५ पासूनचे चारही चौकोन सारखेच काळे आले होते. कोट आणि दरवाजा नेमके तिथेच बुडाले होते. मग फोटोतल्या त्या सावल्या थोड्या वर उचलल्या, म्हणजे ९५ चा चौकोन १०० पासून वेगळा ओळखू येईपर्यंत. दुसरी अडचण पडद्याची. मॉनिटर दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा लख्ख ठेवलेला असतो, त्यावर सावल्या उजळ दिसतात आणि प्रिंट काळवंडून निघते; दोष मात्र प्रिंटरला लागतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला की निम्म्या तक्रारी मिटतात. चाचणीसाठी मी नेहमी एकच फोटो वापरतो: भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानातली एकात एक रचलेली घंगाळी. काठावर पांढरी धग, पोटात गडद अंधार आणि मध्ये हातोडीच्या ठोक्यांचे शेकडो करडे खळगे. त्या खळग्यांच्या कडा सुट्या दिसल्या की प्रिंटर, शाई आणि कागद यांचं जमलं असं समजतो.

शेवटची प्रिंट बॅरायटावर काढली. ओल्या शाईचा काळा फसवा असतो, म्हणून एक दिवस तशीच उघडी ठेवली, मग काचेत घातली. आधी ट्यूबलाइटखाली पाहिली, मग अंगणात नेली. आजोबा दोन्हीकडे करडेच राहिले. काकांनी भिंग मागितलं, गालावर फिरवलं आणि काही न बोलता परत दिलं. ही त्यांची मोठी दाद.

आईला दाखवली तेव्हा ती चष्मा पुसून बराच वेळ कोटाकडे बघत होती. कोट आता दरवाजातून सुटा झाला होता, बटणं मोजता येत होती, आणि वरच्या खिशात पेनची टोपी दिसत होती. मीही ती पहिल्यांदाच पाहत होतो.

“हा पेन दिसते का तुले?” ती म्हणाली. “मी शाळेत नेला होता न विचारता. हरवला. तलावापाशी शोधत बसली होती संध्याकाळपर्यंत.”

“मग?”

“मग काय. मार भेटला.”